टॉम क्रूझचं शेवटचं मिशन : बोलतात तेव्हा जांभया, लटकतो तेव्हा शिट्ट्या

स्पॉयलर आहेत, आधीच सांगतो. ज्यांनी अजून बघितला नसेल त्यांनी बघून या, कोण मरतं कोण वाचतं सगळं खाली लिहिलंय.

'मिशन इम्पॉसिबल : द फायनल रेकनिंग' आपल्याकडे १७ मे २०२५ ला आला, शनिवारी, अमेरिकेच्याही सहा दिवस आधी. तेव्हापासून घरात, ऑफिसात आणि रविवारी टेकडी उतरल्यावर जिथं चहा होतो तिथं ह्या एका पिक्चरवरून जेवढी वादावादी झालीय तेवढी गेल्या इलेक्शनलाही झाली नव्हती. कोणी म्हणतं असा पिक्चर परत होणे नाही, कोणी म्हणतं म्हाताऱ्याला आता घरी बसवा, आणि गंमत म्हणजे ऐकताना दोघांचंही पटतं, फक्त पिक्चरचा कुठला तास डोक्यात ठेवून माणूस बोलतोय ते बघायचं. मला जे वाटलं ते असं, की ह्या पिक्चरच्या लेखकांना हिरोच्या वयाची धास्ती वाटते, हिरोला वाटत नाही. म्हणून जिथं कुणी तोंड उघडलं तिथं बोअर, आणि जिथं सगळे गप्प बसले तिथं जे काय दाखवलंय त्याला तोड नाही.

वयाचं बोलायचं तर टॉम क्रूझचा जन्म ३ जुलै १९६२ चा, म्हणजे पिक्चर आला तेव्हा बासष्ट पूर्ण, त्रेसष्टावं चालू. आपल्याकडे ह्या वयात साठीशांत होऊन दोन वर्षं झालेली असतात आणि माणूस पेन्शनच्या हयातीच्या दाखल्याची तारीख लक्षात ठेवायला लागतो. आता एक हिशोब बघा, हा मी घरी बसून केला आणि मग बराच वेळ डोक्यातून जाईना. १९९६ च्या पहिल्या भागात टॉमचा जो बॉस होता, जिम फेल्प्स, थकलेला, सिस्टिमवर वैतागलेला, शेवटी गद्दार निघालेला म्हातारा, तो रोल जॉन व्हॉइटनं केला होता. पिक्चर आला तेव्हा व्हॉइटचं वय होतं सत्तावन्न. म्हणजे तेव्हा जो 'म्हातारा' म्हणून दाखवला त्याच्यापेक्षा ह्या पिक्चरमध्ये टॉम पाच वर्षांनी मोठाय आणि विमानाच्या पंखावर लटकतोय. रॉजर मूरनं बॉन्ड सोडला १९८५ ला, तोही सत्तावन्नचाच होता, आणि त्या शेवटच्या पिक्चरमध्ये तो पळताना बघून पोटात गोळा यायचा. डॅनियल क्रेगचा शेवटचा बॉन्ड २०२१ ला आला तेव्हा तो त्रेपन्नचा. ह्या सगळ्यांच्या पुढं हा पठ्ठ्या गेलाय.

आता पिक्चरवर येतो. लांबी १६९ मिनिटं. तीन तासाला अकरा मिनिटं कमी, वर आपल्याकडच्या गुटख्याच्या आणि फ्लॅटच्या जाहिराती, वर इंटरव्हल. आणि त्यातला पहिला तास-सव्वा तास म्हणजे नुसतं नमनाला घडाभर तेल. ईथन हंटला, म्हणजे टॉमला, प्रेसिडेंट बाई व्हिडिओ कॅसेटवर सांगतात की तू जगासाठी काय काय केलंस, मग जुन्या पिक्चरच्या क्लिपा, मग टीममधलं कुणीतरी सांगतं की तूच करू शकतोस, मग व्हिलन सांगतो की तूच करू शकतोस, मग एका पेटीत झोपवून त्याला एआय सांगतं की तूच, आणि परत जुन्या क्लिपा. अरे हो बाबा, कळलं! अख्खा पहिला तास म्हणजे रिटायर होणाऱ्या साहेबांचा शाल-श्रीफळाचा कार्यक्रम आहे, एकेक जण माइकपाशी येतो, तेच ते चांगलं चांगलं बोलतो, आणि सत्कारमूर्ती मान खाली घालून लाजत बसलेत. माझी बायको ह्या तासात शांतपणे झोपली होती आणि मला तिला उठवावंसंही वाटलं नाही कारण उठवून सांगणार काय.

कथा थोडक्यात, कारण तिच्यात जास्त अडकण्यात अर्थ नाही. 'एन्टिटी' नावाचं एक एआय आहे, मागच्या भागातलंच, ते आता सगळ्या देशांची अण्वस्त्रं एकेक करून ताब्यात घेतंय. त्याचा मूळ सोर्स कोड समुद्रात बुडालेल्या 'सेवास्तोपोल' नावाच्या रशियन पाणबुडीत आहे. तो आणायचा, ईथनच्या टीममधल्या ल्यूथरनं बनवलेल्या व्हायरसला जोडायचा, आणि एन्टिटीला फसवून एका छोट्या ड्राइव्हमध्ये कोंडायचं. व्हिलनचा माणूस गॅब्रिएल, तो मध्ये मध्ये येऊन घोळ घालतो. एवढंच. हे सांगायला त्यांना सव्वा तास का लागला देव जाणे, बहुतेक मागचा भाग २०२३ ला आला तेव्हा त्याच्या नावात 'पार्ट वन' होतं, तो अपेक्षेएवढा चालला नाही, मग हॉलिवूडचा संप आला, ह्या भागाचं रिलीज जून २०२४ वरून पुढं ढकललं गेलं, नाव बदललं, आणि ह्या सगळ्यात ज्यांनी मागचा बघितला नाही त्यांनाही समजलं पाहिजे म्हणून प्रत्येक गोष्ट तीन तीनदा समजावत बसले. दोन माणसं एक वाक्य अर्धं अर्धं वाटून बोलतायत असे सीन तर इतके आहेत की आमच्या मागच्या रांगेतला एक मुलगा पुढचं वाक्य आधीच मराठीत बोलायला लागला होता आणि त्याला दर वेळी हशा मिळत होता.

जुन्या भागांचे धागे जोडायचा पण फार सोस. तिसऱ्या भागात, २००६ चा, ती 'रॅबिट्स फूट' नावाची वस्तू होती, जिच्यासाठी सगळे जिवावर उठले होते आणि ती काय आहे हे शेवटपर्यंत सांगितलंच नव्हतं, आणि त्याचीच तर मजा होती राव! इथं वीस वर्षांनी येऊन सांगतात की ते म्हणजे ह्या एन्टिटीचंच बाळरूप. कशाला? कुणी विचारलं होतं? तसंच तो जिम फेल्प्सचा मुलगा. एवढा मोठा खुलासा म्हणून केलाय आणि थेटरात कुणी हुं की चूं केलं नाही, कारण निम्म्या पब्लिकला जिम फेल्प्स कोण हेच आठवत नव्हतं आणि ज्यांना आठवत होतं त्यांना पोराशी काही घेणंदेणं नव्हतं.

पण एक धागा मात्र जमलाय, आणि तो एवढा जमलाय की बाकीचे माफ करून टाकावेसे वाटतात. पहिल्या भागात लँगलीला सीआयएच्या त्या पांढऱ्या खोलीत टॉम वायरला लटकून उतरतो, तो सीन कुणाला आठवत नाही? त्या खोलीत काम करणारा एक चष्मेवाला क्लार्क होता, विल्यम डनलो, ज्याच्या कॉफीत काहीतरी मिसळून त्याला उलट्या करायला लावतात, आणि चोरी झाल्यावर वरचे साहेब म्हणतात ह्याला अलास्कात पाठवा. तेव्हा तो एक जोक होता, सगळे हसले आणि विसरले. तर ह्या भागात टीम बर्फातल्या एका टोकाच्या ठाण्यावर पोचते आणि तिथं कोण निघतो, तर तोच. तोच नट, रोल्फ सॅक्सन, एकोणतीस वर्षांनी, केस पांढरे, सोबत तिथलीच बायको. आणि तो चिडलेला नाहीये! तुमच्यामुळे माझी नोकरी गेली म्हणून गळा धरायला नाही आला, उलट म्हणतो इथं आलो म्हणून ही भेटली. मी सांगतो, सव्वा तास जी भाषणं चालली होती ती सगळी एकीकडे आणि हा म्हातारा क्लार्क एकीकडे. काळ गेला, माणसं म्हातारी झाली, काहींचं बरं झालं, हे त्याच्या चेहऱ्यावर नुसतं दिसतं, कुणाला भाषण करावं लागत नाही. इथं माझे मामा पहिल्यांदा खुर्चीत पुढे सरकून बसले.

मामांबद्दल सांगायला पाहिजे कारण ह्या वादात त्यांची बाजू सगळ्यात जोरात आहे. मामा पिंपरीच्या एका कंपनीतून रिटायर झालेले, अलकाला आणि वेस्ट एंडला इंग्रजी पिक्चर बघत मोठे झालेले, राहुलला सेव्हन्टी एमएम बघितलेलं, त्यामुळं त्यांच्या दृष्टीनं मल्टिप्लेक्समध्ये जे दाखवतात तो मुळात पिक्चरच नाही. त्यांचं म्हणणं एवढंच, "अरे मला ह्या वयात डॉक्टर सांगतात की भारतीय बैठकीचा संडास वापरू नका, गुडघ्यावर प्रेशर येतं, आणि हा बघ." त्यांना कथा काय आहे हे बाहेर आल्यावर विचारलं तर नीट सांगताही आलं नाही, आणि त्याचं त्यांना काही वाटलं पण नाही. फुल पैसे वसूल. वर मलाच म्हणाले की तुम्ही लोक पिक्चरला जाता की परीक्षेला.

दुसऱ्या टोकाला माझी भाची, इंजिनिअरिंगला आहे, कम्प्युटरच. तिनं आधीचे फक्त दोनच बघितलेले, ते पण तुकड्या तुकड्यांत रीलवर. तिला आश्चर्य म्हणजे पहिला तास खटकला नाही, ती म्हणाली त्या क्लिपांमुळंच मला कळत होतं की कोण कोणाचं कोण. पण व्हिलनवर मात्र ती जाम हसली. "मामा, ते एआय बोलतं सगळ्यांशी ज्योतिषासारखं, तू हे करशील तू ते करशील, आणि शेवटी त्याला पेन ड्राइव्हमध्ये पकडतात?" मी म्हटलं पेन ड्राइव्ह नाही, फाइव्ह डी ऑप्टिकल ड्राइव्ह. म्हणाली तेच ते. आता ह्याच्यात तिची बाजू खरी आहे. एन्टिटी म्हणजे नाव मोठं लक्षण खोटं. चेहरा नाही, हात नाही, राग नाही, एक निळा गोळा आणि घोगरा आवाज. सहाव्या भागात, २०१८ च्या 'फॉलआउट'मध्ये, हेन्री कॅव्हिल बाथरूममध्ये शर्टाच्या बाह्या सावरून मुठी आवळतो तेवढ्या दोन सेकंदात जी भीती वाटली होती ती इथं पावणेतीन तासात एन्टिटीबद्दल एकदाही वाटत नाही. गॅब्रिएल आहे म्हणा, पण तो मारामारी कमी आणि हसणं जास्त करतो.

आणि तिसरी पार्टी आमच्या ऑफिसातली, बॉन्डवाले. त्यांचा मुद्दा वेगळाच आणि तोच मला जास्त विचार करायला लावणारा वाटला. ते म्हणतात की शेवटचा म्हणता ना, मग मारा की त्याला. क्रेगला मारला, मिसाइल पडताना उभा राहिला, संपला विषय, रडवलं. इथं पोस्टरवर 'फायनल' लिहून पैसे घेतले आणि शेवटी टॉम लंडनच्या ट्रॅफल्गर स्क्वेअरच्या गर्दीत कोट घालून टीमकडे बघून मान हलवतो आणि निघून जातो, म्हणजे दार उघडंच ठेवलंय, उद्या नववा काढायला मोकळे. आता टॉमनं स्वतः मुलाखतींमध्ये सांगितलंय की ऐंशीपर्यंत काय, शंभरीपर्यंत पिक्चर करत राहीन. हॅरिसन फोर्डनं २०२३ ला ऐंशीव्या वर्षी शेवटचा इंडियाना जोन्स केला, तर हा त्याच्याकडे बघूनच बोलतोय. त्यामुळं 'शेवटचा' ह्या शब्दावर बॉन्डवाल्यांइतकाच माझाही फारसा विश्वास नाही.

पण मारायला पाहिजे होता का? मला नाही वाटत, कारण मरायचं काम पिक्चरनं दुसऱ्याकडून करून घेतलंय. ल्यूथर. व्हिंग रेम्स. आठच्या आठ भागात असलेली माणसं फक्त दोन, एक टॉम आणि दुसरा हा, आणि वयानं तो टॉमपेक्षा तीन वर्षांनी मोठा. ह्या भागात तो आजारी आहे, एका तळघरात कॉटवर पडून काम करतो. मग लंडनखालच्या बोगद्यात बॉम्बपाशी तो एकटा अडकतो, मध्ये लोखंडी जाळीचं दार, ह्या बाजूला ईथन त्या बाजूला ल्यूथर, आणि ल्यूथरला माहितीय की शहर वाचवता येईल पण आपण इथून बाहेर पडणार नाही. दोघंही साठी उलटलेले, जाळीला हात लावून उभे. ल्यूथर घाई करत नाही, रडत नाही, त्याला जा म्हणतो. टॉमचा चेहरा तेव्हा बघा, तो हिरो दिसतच नाही, ज्याचा तीस वर्षांचा मित्र चाललाय असा एक माणूस दिसतो. हा सीन पहिल्या त्या लांबलचक भागातच आहे, म्हणून म्हणतोय की अगदी सगळंच वाया नाही. फक्त एक खटकतं. ल्यूथरला म्हातारा, आजारी, थकलेला दाखवायला लेखकांची काही हरकत नाही, आणि ईथनला मात्र 'तूच निवडलेला'. अख्ख्या पिक्चरमध्ये ईथनला एकदा कुणी विचारत नाही की बाबा तुझं वय काय, पाठ दुखते का. एकदा विचारलं असतं ना, तर अर्धी भाषणं कापता आली असती.

इंटरव्हलनंतर पिक्चर बदलतो. म्हणजे अक्षरशः दुसराच पिक्चर सुरू होतो.

पाणबुडी. टॉम बर्फाखालच्या काळ्या पाण्यात एकटा उतरतो आणि बुडालेल्या सेवास्तोपोलच्या आत शिरतो. इथून जवळजवळ वीस मिनिटं कुणी बोलत नाही. पाणबुडी समुद्राच्या तळावरच्या उतारावर कशीबशी टेकलीय आणि तो आत हलला, पाणी एका खोलीतून दुसऱ्या खोलीत गेलं की वजन बदलतं आणि ती गडगडायला लागते. म्हणजे जी भिंत होती ती जमीन होते, जमीन होती ती छत, पाणी वरून खाली नाही तर आडवं येतं, आणि रॅकवरून सुटलेले टॉर्पिडो, एकेक केवढे मोठे, त्याच्या अंगावर घरंगळत येतात. त्यासाठी त्यांनी सेट खरोखर गोल फिरणारा बांधला होता, टाकीसकट, आणि ते जाणवतं, कारण कम्प्युटरवर केलेलं पाणी आणि खरं पाणी ह्यातला फरक सांगायला एक्स्पर्ट लागत नाही. एक बारीकशी गोष्ट सांगतो, टॉर्पिडो अडकून बसतो आणि टॉम त्याच्या खालून अंग चोरून सरकतो, तेव्हा त्याच्या मास्कच्या काचेच्या आतल्या बाजूला श्वासाची वाफ धरते आणि निघते, धरते आणि निघते, आणि प्रत्येक वेळी धरायचा वेळ कमी होत जातो. कॅमेरा ते दाखवायला झूम-बिम करत नाही, आपल्यालाच दिसतं. आवाज म्हणजे लोखंड कण्हल्याचा. माझ्या बायकोनं इथं माझा दंड एवढ्या जोरात धरला होता की दुसऱ्या दिवशी वळ होता, आणि ही तीच बाई जी मघाशी झोपली होती.

आणि मग बाहेर पडायचा रस्ता बंद म्हणून तो सूट काढून टाकतो, चड्डीवर, आणि टॉर्पिडोच्या नळीतून स्वतःला बाहेर ढकलतो, त्या गोठलेल्या पाण्यात. लॉजिक विचारू नका. इतक्या खोलीवर सूट काढला तर माणूस जिवंत राहतो का वगैरे आमच्या ग्रुपवरच्या एका हुशार माणसानं मोठा मेसेज टाकून समजावलं, सगळं बरोबर असेल त्याचं, पण त्या क्षणी थेटरात एकाच्याही मनात हा प्रश्न आला नसणार. आणि बासष्ट वर्षांचं ते उघडं अंग. पिळदार आहे, पण विशीतलं नाही, कातडी सैल झालेली दिसते, आणि तो गुडघे पोटाशी घेऊन पाण्यात गोळा होतो तेव्हा फार लहान दिसतो. जे लेखकांनी तासभर लपवलं ते ह्या एका शॉटमध्ये सगळ्या जगाला दिसलं आणि त्यानं काही बिघडलं नाही. उलट मला तरी तो माणूस पहिल्यांदाच खरा वाटला.

मग विमानं. दक्षिण आफ्रिकेत शूट केलंय. जुन्या पद्धतीची दोन-दोन पंखांची, उघड्या कॉकपिटची छोटी विमानं, एक लाल एक पिवळं. एका विमानाला टॉम खालून लटकतो, चढतो, ते ताब्यात घेतो, मग त्यातून गॅब्रिएलच्या विमानावर जातो. ह्याबद्दल इतकं ऐकलं होतं, ट्रेलरमध्ये इतकं बघितलं होतं, की मला वाटलेलं आता काय नवीन असणार. पण ट्रेलरमध्ये लांबी कळत नाही. ते संपतच नाही! दर वेळी वाटतं आता बसला आत, आता झालं, आणि विमान उलटं होतं आणि हा परत बाहेर. वाऱ्यानं त्याचे गाल मागे जाऊन फडफडतात, ओठ दातांवरून उलटे होतात, डोळे उघडत नाहीत, तोंडानं श्वास घ्यायला बघतो तर हवा एवढ्या जोरात आत घुसते की तोच गुदमरतो. हा चेहरा कुठल्याही हिरोला पोस्टरवर चालणार नाही. आपल्याकडे साठीतल्या हिरोंचे चेहरे कम्प्युटरवर इस्त्री करून आणतात, केस वाऱ्यावर उडतात ते पण बरोबर दिशेनं, आणि उडी मारायची वेळ आली की पाठमोरा शॉट. इथं माणूस आपला चेहरा वाऱ्याला देऊन टाकतो, घे काय करायचं ते कर. साठी बुद्धी नाठी म्हणायचं तर म्हणा, पण मग अशी बुद्धी नाठी झालेले अजून चारजण मिळाले तर बरं होईल.

बाकी ह्या माणसाचा हा उद्योग जुनाच. २०११ च्या भागात ८२८ मीटरच्या बुर्ज खलिफावर बाहेरून चढला, २०१५ ला उडत्या लष्करी विमानाच्या दाराला लटकला, 'फॉलआउट'च्या वेळी लंडनला एका बिल्डिंगवरून दुसरीवर उडी मारताना घोटा मोडला आणि तोच शॉट पिक्चरमध्ये ठेवला. ह्या भागात पेटत्या पॅराशूटनं सोळा उड्या मारल्या आणि त्याचं गिनीज रेकॉर्ड झालं. सोळा! म्हणजे पंधरा वेळा कुणीतरी म्हणालं असणार की सर झालं की चांगलं, आणि हा म्हणाला असणार अजून एक घेऊ.

गॅब्रिएलचा शेवट मात्र फसलाय. एवढी मोठी मारामारी, आणि शेवटी तो हसत हसत विमानातून उडी मारतो आणि मागच्या शेपटीवर डोकं आपटून मरतो. थेटरात लोक खदाखदा हसले. मला वाटतं हसावं असंच त्यांना हवं होतं, पण मग दोन पिक्चर त्याला एवढा डोक्यावर कशाला चढवला होता? त्याच वेळी खाली तळघरात टीममधल्या बेंजीची छाती फोडून ट्यूब घालायचं काम चाललंय आणि तो अर्धमेल्या आवाजात पुढं काय करायचं ते सांगतोय, हे क्रॉसकटिंग, म्हणजे वरचं-खालचं आलटून पालटून दाखवणं, बाकी झकास, सायमन पेग नेहमीप्रमाणे भाव खाऊन जातो. हेली अ‍ॅटवेल टॉमपेक्षा वीस वर्षांनी लहान, पण ह्या वेळी प्रेमाबिमाच्या भानगडीत फारसं पडले नाहीत ते बरं केलं, तिला खिसेकापूच्या हातसफाईचं काम दिलंय आणि शेवटचा डाव तिच्याच हातात ठेवलाय.

म्युझिकबद्दल एक. मूळ ट्यून लालो शिफ्रिन ह्यांची, १९६६ च्या टीव्ही मालिकेसाठी केलेली, आणि ते हा पिक्चर आल्यावर दीड महिन्याच्या आतच, २६ जून २०२५ ला गेले. आमच्या सोसायटीत एक काका तबला शिकवतात, त्यांच्या मते ही ट्यून म्हणजे दहा मात्रांचा हिशोब, पण झपतालासारखा दोन-तीन-दोन-तीन नाही तर तीन-तीन-दोन-दोन असा पडतो, म्हणून पाय ठेका धरायला जातो आणि फसतो. हे कळल्यापासून मला ती ट्यून सरळ ऐकताच येत नाही, बोटं मोजत बसतात. ह्या पिक्चरमध्ये मात्र ती फार जपून जपून वाजवलीय, पाहिजे तेवढी मिळत नाही.

थेटरबद्दल दोन शब्द, नाव घेत नाही. एवढ्या मोठ्या पडद्याचे जास्तीचे पैसे घेतले, त्याबद्दल तक्रार नाही, पाणबुडीतच वसूल झाले. पण इंटरव्हल संपून पिक्चर सुरू झाल्यावर पाच-सात मिनिटं दारं उघडी, नाचोजवाले आत ऑर्डर घेऊन फिरतायत, टॉर्च मारतायत, आणि पडद्यावर अंधार आणि पाणी. सीट नंबर ओरडून विचारत होता बिचारा. त्याची चूक नाही, त्याला कोणीतरी सांगितलंय तसं करतोय, पण सांगणाऱ्यानं हा पिक्चर एकदा बघायला पाहिजे होता. एसी एवढा गार की बर्फाचे सीन चालू असताना पुढच्या रांगेतल्या आजींनी शाल काढली. आणि बाहेर पडलो तर मे महिन्यात धो धो पाऊस, पार्किंगमधून गाडी काढायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात पिक्चरचा पहिला तास परत झाला असता.

तर ज्यांनी मोठ्या पडद्यावर सोडला त्यांच्यासाठी, आता घरी बघणार असाल तर. आधी पहिला भाग बघून घ्या, १९९६ चा, डनलोसाठी. जमलं तर मागचा म्हणजे सातवा, नाहीतर पाणबुडीच्या चावीची भानगड कळणार नाही. बाकीचे नाही बघितले तरी चालतं, क्लिपा दाखवतातच. पहिला तास बघता बघता भाजी निवडली तरी काही बिघडत नाही, फक्त ल्यूथरच्या वेळी हातातलं खाली ठेवा. आणि पाणबुडी सुरू झाली की फोन दुसऱ्या खोलीत, पंखा बारीक, लाइट बंद, आणि घरातल्या कुणाला त्याच वेळी मिक्सर लावायचा असेल तर वीस मिनिटं थांबायला सांगा. टीव्हीच्या स्पीकरवर बघू नका, हेडफोन घ्या, तो लोखंडाचा आवाज त्याच्याशिवाय कळत नाही. आमच्याकडे मामांना हे सगळं सांगितलं तर म्हणाले घरी कशाला बघायचा, परत कुठं लागला तर तिकीट काढ, आणि ह्या वेळी कोपऱ्यातली सीट घेऊ नकोस, पाय लांब करता येत नाहीत.